व्हिडिओसाठी वेगळा माइक घ्यायचा आहे: शॉटगन, कॉलर की वायरलेस?

फांदीपान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी झाडांची ओळख करून देणारे छोटे व्हिडिओ करते. निम्मं चित्रीकरण खोलीत टेबलापाशी बसून होतं: बिया, पानं, कुंडी बदलणं वगैरे. उरलेलं बाहेर, चालत किंवा झाडाखाली उभं राहून. कॅमेरा मिररलेस आहे. त्याला माइकसाठी ३.५ मिमीचं सॉकेट आहे, हेडफोनचं नाही. अधूनमधून फोनवरही शूट करते.

चित्र आता मनासारखं येतं, पण आवाज येत नाही. खोलीत तो घुमतो आणि मी पलीकडच्या खोलीतून बोलतेय असं वाटतं. बाहेर वाऱ्याची फडफड. शिवाय लेन्स फोकस करते त्याची कुरकुर.

तीन पर्याय समोर आहेत: कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा छोटा शॉटगन (लांबट नळीचा माइक), वायरवाला कॉलर माइक आणि वायरलेस सेट (अंगावर ट्रान्समीटर, कॅमेऱ्यावर रिसीव्हर). प्रत्येकाची भरभरून स्तुती वाचली, त्यामुळे निर्णय होत नाहीये. सध्या एकच घेता येईल. कोणता घेऊ? आणि माहितीपत्रकातले कोणते आकडे खरोखर बघण्यासारखे असतात?

कानोसा

मी लोकेशनवर ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

माइक कोणता हे नंतर बघू. तो तुमच्या तोंडाच्या किती जवळ आणता येतो, हे आधी ठरवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनी उतरते. कॅमेरा दीड मीटरवर आहे आणि कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, म्हणजे साधारण २० सेंमीवर आहे असं धरा. दोघांत फरक पडतो १७ डेसिबलच्या आसपास. खोलीचा घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. माइक जवळ नेला की तुमचा आवाज वाढतो, घुमारा तेवढाच राहतो. 'पलीकडच्या खोलीतून' आल्यासारखा आवाज जातो तो यामुळे. कितीही भारी माइक दीड मीटरवर ठेवलात तरी ते १७ डेसिबल तो भरून काढू शकत नाही.

शॉटगनबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, तो आधी दूर करतो. शॉटगन ही आवाजाची झूम लेन्स नाही. तो लांबचा आवाज ओढून जवळ आणत नाही, बाजूचे आवाज कमी करतो, आणि तेही सगळ्या स्वरांत सारखे नाही. त्याच्या नळीला कडेनं फटी असतात. बाजूनं येणारा आवाज वेगवेगळ्या फटींतून वेगवेगळ्या क्षणी आत शिरतो आणि एकमेकांना मारतो. समोरून येणारा सरळ आत जातो. पण ही मारामारी व्हायला नळी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या तोडीची हवी. चित्रपटांच्या सेटवर वर्षानुवर्षं दिसणारा झेनहायझरचा एमकेएच ४१६ हा २५ सेंमी लांब आहे. एवढ्या नळीचा उपयोग साधारण १४०० हर्ट्झच्या वरच होतो. त्याखाली तो एका साध्या दिशादर्शी माइकसारखाच वागतो. कॅमेऱ्यावरच्या बोटभर शॉटगनची नळी किती काम करत असेल, याचा यावरून अंदाज घ्या.

दुसरीबाजू

कानोसा, भौतिकशास्त्राबद्दल वाद नाही, पण शॉटगनवर इतकं कठोर होऊ नका. कॅमेऱ्यावरचा छोटा माइक आतल्या माइकपेक्षा कितीतरी चांगला असतो. रबरी झुल्यावर टांगलेला असल्यामुळे लेन्सची कुरकुर आणि हाताचा स्पर्श त्यात बराच कमी येतो, त्याला वाऱ्याची टोपी घालता येते आणि मागचा आवाज तो निश्चित कमी करतो. हातात कॅमेरा धरून स्वतःकडे वळवून बोलणाऱ्याचं अंतर ५०-६० सेंमीच असतं, तिथे तो उत्तम चालतो.

आणि सोय हा छोटा मुद्दा नाही. कॉलर माइक लावा, वायर लपवा, कपड्याची सळसळ तपासा, ट्रान्समीटर चार्ज आहे का बघा. कॅमेऱ्यावरचा माइक चालू करायचा की झालं. बाहेर एखादा पक्षी अचानक झाडावर उतरला, तर ज्याच्याकडे माइक कायम लावलेला आहे त्यालाच तो क्षण मिळतो.

कानोसा

हातभर अंतराचा मुद्दा मान्य, त्या कामाला तो बरोबरच आहे. पण धागाकर्तीचा कॅमेरा तिपाईवर आहे आणि ती टेबलामागे. लेन्सची कुरकुर कॅमेऱ्यापासून लांब असलेल्या कुठल्याही माइकनं जाईल.

बंद खोलीत शॉटगनची आणखी एक अडचण असते. भिंतीवरून परतणारा तुमचाच आवाज नळीत बाजूनं शिरतो आणि त्याचे काही स्वर कापले जातात, काही राहतात. मग आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा वाटतो. छोट्या, टणक भिंतींच्या खोलीत आम्ही म्हणूनच नळी नसलेला सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा दिशादर्शी माइक वापरतो. तो डोक्यावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, तोंडाकडे रोखून बूमवर (लांब दांड्यावर) टांगतो. असा माइक तुमच्या ३.५ मिमी सॉकेटला सरळ लागत नाही, ती जोडणी इथले सदस्य 'तारयंत्र' समजावतील.

दिशेचा आणखी एक उपयोग आहे. कार्डिऑइड (साधा दिशादर्शी) माइक बरोबर पाठीमागे सर्वांत बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड मागच्या तिरक्या दिशांना, सुमारे १२५ अंशांवर. पंख्याचा किंवा फ्रिजचा आवाज येत असेल तर माइकचा हा बहिरा कोपरा त्या दिशेला वळवायचा. माइक टेबलावर ठेवून वर तोंडाकडे रोखला तर तो छताकडे, म्हणजे नेमका पंख्याकडे बघत असतो.

तारयंत्र

जोडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माइक चांगला असूनही रेकॉर्डिंग रिकामं निघतं ते बहुतेक वेळा इथेच.

कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमधून साधारण २ ते ५ व्होल्टचा बारीक दाब बाहेर येतो. त्याला प्लग-इन पॉवर म्हणतात. छोट्या माइकना तेवढा पुरतो, कारण ते इलेक्ट्रेट, म्हणजे कंडेन्सर माइकच्याच एका जातीचे असतात. कंडेन्सर माइकच्या पडद्याला विद्युतभार लागतो. इलेक्ट्रेटमध्ये तो भार पातळ पटलातच कायमचा साठवलेला असतो. १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पटलाचा असा माइक बनवला, आणि कॉलरला लावण्याइतके लहान माइक पुढे सर्रास झाले ते त्यामुळे. आता वीज लागते ती फक्त आतल्या इवल्या ट्रान्झिस्टरला.

मोठे एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल जोडणीचे) माइक ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून येणाऱ्या विजेवर चालतात, आणि ३.५ मिमी सॉकेट ती देऊ शकत नाही. नुसती एक्सएलआर ते ३.५ मिमी वायर घेऊन असा माइक जागा होणार नाही. मध्ये फँटम देणारा रेकॉर्डर किंवा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) लागेल. काही मॉडेल बॅटरीवरही चालतात, उदाहरणार्थ झेनहायझर एमकेई ६०० हा एका एए सेलवर चालतो.

आता पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे टीआरएस, कॅमेऱ्याची पिन. तीन रेघा म्हणजे टीआरआरएस, फोनची पिन, कारण त्यात हेडफोन आणि माइक दोन्ही असतात. फोनच्या प्रचलित रचनेत माइकचा सिग्नल सर्वांत मागच्या भागात असतो. कॅमेरा त्या भागाला ग्राउंड समजतो, म्हणून फोनचा कॉलर माइक कॅमेऱ्याला मुका ठरतो. उलट केलं तर प्रकार जास्त फसवा आहे. कॅमेऱ्याचा माइक फोनला लावला की फोनला वाटतं साधे हेडफोन आले, आणि तो मुकाट्यानं स्वतःच्याच माइकनं रेकॉर्ड करत राहतो. आवाज येतो, पण लावलेल्या माइकचा नसतो. तपासायला माइकच्या जाळीवर नखानं हळूच खरवडा. खरवडणं मोठ्यानं ऐकू आलं तरच तो माइक चालू आहे.

फोनच्या यूएसबी-सी सॉकेटला लागणाऱ्या माइकना ही भानगड नाही. मात्र सगळ्या फोनची मूळ कॅमेरा अ‍ॅप बाहेरचा माइक घेतातच असं नाही. ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा ओपन कॅमेरा यांसारख्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा स्रोत निवडता येतो.

ब्लूटूथ इअरबडला वायरलेस माइक समजू नका. बोलण्यासाठीचा त्यांचा पारंपरिक मोड ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुनादराचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) आहे. त्याच्या निम्म्यापर्यंतचेच स्वर टिकतात, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात उरतच नाही.

रानवाट

बाहेरचं मी सांगतो, माझं बहुतेक चित्रीकरण रानातच असतं.

काळ्या स्पंजची टोपी खोलीतल्या श्वासापुरती. उघड्यावर केसाळ टोपीच लागते. तिच्या केसांत वाऱ्याचा वेग विरतो आणि माइकच्या पडद्यापर्यंत झोत पोचत नाही. फडफड ही मुख्यतः खालच्या स्वरांत असते, म्हणून ८० किंवा १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे स्वर कापणारी सोय) चालू ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. झोतानं पडदाच हेलपाटला असेल तर नंतर काहीही कापून ते दुरुस्त होत नाही. वारा माइकपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. दिशादर्शी माइक वाऱ्याला आणि हाताळणीला जास्त हळवा असतो. चारी दिशांनी ऐकणारा ओम्नी त्या मानानं सोशिक. बहुतेक कॉलर माइक ओम्नी असतात, त्यामुळे छातीवर लावलेला, केसाळ टोपी घातलेला छोटा कॉलर माइक वाऱ्यात चांगला तग धरतो. मान इकडेतिकडे वळली तरी तो बराचसा सारखा ऐकतो.

वायरलेसबद्दल. हल्लीचे छोटे सेट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पत्रकावर २००-२५० मीटर लिहिलेलं असतं, ते मध्ये काही आडवं नसताना. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि या लहरी ते शोषतं. ट्रान्समीटर पाठीमागच्या खिशात आणि कॅमेरा समोर असेल तर थोड्या अंतरावरही आवाज तुटतो. ट्रान्समीटरला कॅमेरा 'दिसला' पाहिजे. मी स्वतः ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं असाच सेट निवडतो. रोड कंपनीचा वायरलेस गो २ किंवा डीजेआय कंपनीचा माइक २ यांत ही सोय आहे. हवेतला सिग्नल तुटला तरी अंगावरची फाइल शाबूत राहते.

सूरपेटी

थोडं विषयांतर, पण इथे गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करणारेही वाचत असतील. त्यांच्यासाठी कॉलर माइक हे उत्तर नाही. वाद्याचा आवाज एका बिंदूतून येत नाही. दोन माइकचा स्टीरिओ रेकॉर्डर मीटरभर अंतरावर ठेवून पुढेमागे सरकवत कान लावून जागा शोधावी लागते. वायरलेस सेटमधला गोंगाट-निवारक पर्याय गाण्याच्या वेळी हमखास बंद ठेवा. लांबलेला, विरत जाणारा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो खाऊन टाकतो.

वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर त्याचा नमुनादर ४८ किलोहर्ट्झ ठेवा, व्हिडिओचा तोच असतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतं. लांब मैफलीत दोन यंत्रांची घड्याळं हळूहळू फाकतात, म्हणून शेवटीही एक टाळी. आणि कॅमेऱ्याचा आतला माइक चालूच ठेवा. तो आवाज वापरायचा नसला तरी जुळवायला लागतो.

फांदीपान

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीनं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

अंतराचा मुद्दा पटला. काही विकत घेण्याआधी फोनच्या वायरवाल्या इअरफोनचा माइक ओढणीला टाचून फोनच्या रेकॉर्डरवर बोलून पाहिलं, आणि तेच वाक्य कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून घेतलं. इअरफोनच्या माइकमध्ये घुमारा जवळजवळ नाहीसा झाला! आवाज जरा पातळ आहे, पण शब्द न् शब्द समोर बसून बोलल्यासारखा. म्हणजे शॉटगन बाद.

तीन शंका उरल्या. एक, ३२-बिट फ्लोट (आवाज साठवायची एक पद्धत) असलं की लेव्हल लावावीच लागत नाही हे खरं का? दोन, कॅमेऱ्याला हेडफोन सॉकेट नसताना ऐकायचं कसं? तीन, आकड्यांचं उत्तर राहिलं.

कानोसा

इअरफोनचा प्रयोग फार छान केलात. माइक घेणाऱ्या प्रत्येकानं आधी हा करावा.

३२-बिट फ्लोटमध्ये आकड्यांचा पल्ला इतका प्रचंड असतो की फार मोठा किंवा फार हळू आलेला आवाज नंतर ओढून जागेवर आणता येतो. पण तो लाभ ट्रान्समीटरच्या आत साठलेल्या फाइललाच आहे. तोच आवाज वायरनं कॅमेऱ्यात गेला की कॅमेऱ्याच्या साध्या फाइलमध्ये बसतो, आणि तिथे फाटला तर फाटलाच. शिवाय माइकचा पडदाच त्याच्या मर्यादेपलीकडे गेला असेल तर कुठलाही बिट उपयोगाचा नाही. तेव्हा कॅमेऱ्याची लेव्हल लावायचीच. आधी त्याची ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की तुम्ही थांबलात की कॅमेरा आवाज वाढवतो आणि वाक्यांच्या मधल्या जागेत खोलीची सूं वर येते. मग रिसीव्हरचा आउटपुट वाढवा आणि कॅमेऱ्याचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) खालच्या टोकाजवळ आणा. बऱ्याच कॅमेऱ्यांचा आतला प्रीअँप गोंगाटी असतो, त्याच्याकडून जितकं कमी काम करून घ्याल तितकी सूं कमी. नेहमीच्या आवाजात बोलताना मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे.

ऐकण्यासाठी: काही रिसीव्हरना स्वतःचं हेडफोन सॉकेट असतं, तुमच्या बाबतीत ते असलेला सेट घेणं हिताचं. मात्र तिथे ऐकू येतं ते रिसीव्हरपर्यंत पोचलेलं. कॅमेऱ्यात काय उतरलं हे बघायला दर ठिकाणी एक छोटा तुकडा घेऊन, परत लावून, कान झाकणाऱ्या हेडफोननं ऐका.

आकडे. सेल्फ-नॉइज म्हणजे माइकची स्वतःची सूं, कमी तितकी चांगली. ४१६ चा तो १३ डीबीए (कानाच्या जाणिवेनुसार मोजलेले डेसिबल) आहे. इवल्या कॉलर माइकचा २५ किंवा त्याहून जास्त असू शकतो. पण एका वितीवरून बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. दूरचा पक्षी रेकॉर्ड करणाऱ्याला पहिल्या सेकंदात जाणवेल. '२० ते २०,००० हर्ट्झ' हा आकडा सोबत किती डेसिबलचा चढउतार धरला आहे हे लिहिलेलं नसेल तर निरर्थक, आलेख असेल तर तो बघा. कमाल ध्वनिदाब ढोल-ताशा नसेल तर सोडून द्या. सॉकेट, बॅटरी आणि वायर बदलता येते का, हे मात्र आकड्यांइतकंच बघा. वापरात सर्वांत आधी तुटते ती वायर.

दुसरीबाजू

निवड पटली. एक जोड देतो: खोलीवरही थोडं काम करा. मागे-पुढे जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट. टेबलाचा टणक पृष्ठभागही आवाज उसळवतो, त्यावर फ्रेमच्या बाहेर घडी केलेली रजई ठेवा. आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका.

फांदीपान

ठरलं मग: वायरलेस सेट, ट्रान्समीटरमध्ये रेकॉर्डिंग असलेला, वेगळा कॉलर माइक जोडायचं सॉकेट असलेला, रिसीव्हरला हेडफोनची सोय आणि सोबत केसाळ टोप्या. खोलीत आणि बाहेर दोन्हीकडे तोच.

शेवटचं एक विचारते. मी बोलताना सतत डावीकडे कुंडीकडे वाकते. माइक नेमका कुठे लावू? आणि ओढणी, साखळी यांचं काय?

कानोसा

साखळी काढून ठेवा, आणि माइक ओढणीऐवजी खालच्या कपड्याला लावा. ओढणी हलली की तोही घासतो. नेहमी डावीकडेच वळत असाल तर छातीच्या मध्यापासून जरा डावीकडे लावा, म्हणजे मान वळल्यावर तोंड माइकच्या वर येईल. फार वर, हनुवटीच्या अगदी खाली नको. तिथे हनुवटीच्या आडोशानं आवाज कोंदट येतो. श्वासाचा किंवा 'प', 'फ' चा फटका बसत असेल तर माइक उलटा, तोंड खाली करून लावा. ओम्नी असल्यामुळे आवाजात फारसा फरक पडत नाही, फटका मात्र चुकतो.

क्लिपच्या मागे वायरचा एक छोटा वळसा घेऊन तो क्लिपमध्येच अडकवा. खालून वायर ओढली गेली तर धक्का वळशावर थांबतो, माइकपर्यंत जात नाही. सुती कपडा शांत असतो, रेशमी आणि कृत्रिम धाग्याचा सळसळतो. शूट सुरू करण्याआधी माइक लावून, कुंडीकडे वाकताना करता तीच हालचाल न बोलता करा आणि रेकॉर्डिंग ऐका. सळसळ आली तर क्लिप दोन बोटं सरकवून पुन्हा तपासा.